वॉल स्ट्रीट, 1915: मोठी भिंत, छोटी माणसं

आजचा एपिसोड जरा उलटा आहे. पॉडकास्ट ही ऐकायची गोष्ट, आणि मी आज तुम्हाला एक फोटो दाखवणार आहे. म्हणजे दाखवणार कुठून, सांगणार आहे. सोय असेल तर फोनवर 'पॉल स्ट्रँड वॉल स्ट्रीट 1915' एवढं शोधा आणि फोटो समोर उघडून ठेवा. गाडी चालवत असाल तर राहू द्या, मी नीट वर्णन करतो. घरी जाऊन बघा.

हा फोटो माझ्या डोक्यात का बसला ते आधी सांगतो.

आमच्या ऑफिसची इमारत सगळी काचेची. सकाळी साडेसात-आठला ऊन असं पडतं की अर्धी भिंत पांढरी आणि अर्धी काळीभोर. एकदा मी कॅबमधून उतरलो आणि सिक्युरिटीचे काका नेमके त्या पांढऱ्या पट्ट्यातून चालले होते. पटकन फोन काढला, एक क्लिक. वर जाऊन, स्टँडअप सुरू व्हायच्या आधी, रंग काढून टाकले, कॉन्ट्रास्ट वाढवला, कडेचं झाड आणि पाण्याचा टँकर क्रॉप केला. उरलं काय, तर एक मोठी भिंत आणि तळाशी बोटभर काळी आकृती. टाकला. आमच्या मानानं लाइक्स बरेच आले. 'किलर शॉट भावा', 'काय मिनिमल आहे राव', वगैरे.

दोन दिवसांनी गेटवर काकांना मोठ्या कौतुकानं तो फोटो दाखवला. त्यांनी फोन हातात घेतला, दोन बोटांनी मोठा केला, इकडून तिकडे सरकवला आणि विचारलं, "सर, ह्यात मी कोणता?"

फोटोत दुसरं माणूसच नव्हतं हो.

त्या रात्री मी स्ट्रँडचा फोटो परत उघडला. कारण माझा फोटो म्हणजे त्याचीच नकळत केलेली नक्कल होती. तुम्ही आम्ही जे 'मिनिमल स्ट्रीट' म्हणून टाकत असतो, मोठी रिकामी भिंत, कडक ऊन, कोपऱ्यात एक माणूस, त्या सगळ्या फोटोंचा हा पणजोबा म्हणायला हरकत नाही.

तर फोटो. न्यूयॉर्क, वॉल स्ट्रीट. सकाळची वेळ, सूर्य अजून खाली आहे. समोरच्या बाजूनं, जरा उंचावरून काढलेला. फ्रेमचा बहुतेक भाग एका दगडी इमारतीनं खाल्लाय. त्या दगडात ओळीनं खोल, उभे, काळे आयत आहेत. खिडक्या आहेत त्या, पण खिडक्या वाटत नाहीत. आत कुणी नाही, उजेड नाही, काच चमकत नाही. दगडात खणलेले खड्डे वाटतात. आणि खाली, फुटपाथच्या अरुंद पट्टीत, कामाला निघालेली माणसं. टोप्या, कोट, लांब झगे. एकाचाही चेहरा ओळखू येत नाही. प्रत्येकाची सावली मात्र त्याच्यापेक्षा लांब आहे. संपला फोटो. दुकान नाही, पाटी नाही, घोडागाडी नाही, आकाशसुद्धा नाही.

कृष्णधवल का, तर तेव्हा दुसरा इलाज नव्हता. रंगीत फोटोची काच 1907 पासून बाजारात होती, पण तिला उजेड इतका वेळ लागायचा की चालती माणसं टिपणं शक्यच नव्हतं. आपण फिल्टर निवडतो, स्ट्रँडला तो निवडावा लागला नाही. बाकीची काटछाट मात्र सगळी त्याची.

हा पॉल स्ट्रँड 1890चा, न्यूयॉर्कचाच पोरगा. म्हणजे फोटो काढला तेव्हा पंचविशीत, आपल्यातल्या बऱ्याच जणांपेक्षा लहान. शाळेत त्याला कॅमेरा शिकवला लुईस हाइननं. हे नाव लक्षात ठेवा. हाइन म्हणजे अमेरिकेतल्या गिरण्यांत, खाणींत राबणाऱ्या लहान मुलांचे फोटो काढणारा माणूस. काहीतरी बहाणा करून कारखान्यात शिरायचा, फोटो काढायचा आणि शिवाय मुलाचं नाव, वय, काम लिहून घ्यायचा. मुलाची उंची कळावी म्हणून म्हणे आपल्याच जाकिटाच्या बटणांशी मनातल्या मनात ताडून बघायचा, कितव्या बटणापर्यंत पोरगं येतंय ते. म्हणजे स्ट्रँडचा पहिला गुरू असा, की ज्याच्या फोटोतल्या माणसाला नाव असायचंच.

हाइन आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन गेला फिफ्थ ॲव्हेन्यूवरच्या '291' नावाच्या छोट्याशा गॅलरीत. ती चालवायचा आल्फ्रेड स्टिग्लिट्झ, स्ट्रँडचा दुसरा गुरू. त्या काळी फोटोला कला म्हणवून घ्यायचं तर तो चित्रासारखा दिसला पाहिजे अशी समजूत होती. धुकं, मऊ कडा, सगळं कसं स्वप्नाळू. स्ट्रँडही तसेच फोटो काढायचा, मऊ फोकसची लेन्स वापरून. ते घेऊन तो स्टिग्लिट्झकडे गेला. तेव्हा काय झालं हे त्यानं स्वतःच पुढे सांगितलंय. स्टिग्लिट्झ म्हणाला की या लेन्समुळे तुझं गवत, पाणी, झाडाची साल, सगळं एकाच वस्तूचं बनलेलं दिसतंय. प्रत्येक गोष्टीचा आपला जो पोत असतो तोच तू पुसून टाकतोयस. लेन्सचं तोंड बारीक कर आणि काढ.

मला ही टीका फार आवडते. एक तर ती नेमकी आहे, कोड रिव्ह्यूसारखी. 'छान आहे' नाही, 'मजा नाही आली' नाही. कुठे बिघडलंय, कशामुळे बिघडलंय आणि काय करून बघ, तिन्ही सांगितलं. आणि दुसरं म्हणजे पोरानं ऐकलं. 1915 मध्ये तो नवे प्रिंट घेऊन परत गेला. स्टिग्लिट्झ इतका खूश झाला की पुढच्या वर्षी त्यानं 291 मध्ये स्ट्रँडचं प्रदर्शन भरवलं आणि आपल्या 'कॅमेरा वर्क' या नियतकालिकाच्या ऑक्टोबर 1916च्या अंकात त्याचे फोटो छापले. त्यात आपला हा फोटो होता. (नियतकालिकाची अवस्था तोवर अशी की शेवटी शेवटी वर्गणीदार चाळिशीच्या आत आले होते. आमच्या पहिल्या एपिसोडला तेवढेच ऐकणारे होते, त्यामुळे मला धीर येतो.)

या मधल्या काळात आणखी एक झालं होतं. 1913 मध्ये न्यूयॉर्कला 'आर्मरी शो' भरला आणि युरोपातलं नवं चित्र अमेरिकेनं एकगठ्ठा पाहिलं. पिकासो, ब्राक, माणसाचे त्रिकोण चौकोन करणारी मंडळी. स्ट्रँडला त्यातून एक गोष्ट उमगली, की फोटोही आकारांवर उभा राहू शकतो. वॉल स्ट्रीटच्या फोटोत ते दिसतं. काळे आयत, पांढरा दगड, तिरक्या सावल्या. आकार म्हणून बघितलं तर फोटो एकदम पक्का बसलाय.

आता थोडी खटपट करू. फोटो उघडा असेल तर अंगठ्यानं खालची माणसांची पट्टी झाका. काय राहिलं? भिंतीचं डिझाइन. बरं आहे, पण एखाद्या टाइल्सच्या कॅटलॉगमध्ये खपेल असं. आता उलटं करा, भिंत झाका आणि माणसं ठेवा. आता ती फक्त ऑफिसला निघालेली माणसं आहेत, कुठल्याही शहरातली, कुठल्याही सोमवारची. दोन्ही एकत्र ठेवलं की मगच पोटात काहीतरी होतं. भिंत अंगावर येते. माणसं चालतायत, पण त्यांना कुणीतरी चालवतंय असं वाटायला लागतं.

माझ्या फोटोला हीच परीक्षा लावली. काकांना झाकलं, काहीही बदललं नाही. तिथेच कळलं.

पण स्ट्रँडच्या भिंतीत असं काय आहे? इथे मात्र फोटो सोडून जरा बाहेर जावं लागतं.

ही इमारत म्हणजे 23 वॉल स्ट्रीट, जे. पी. मॉर्गन अँड कंपनीची पेढी. 1914 मध्ये बांधून झालेली, म्हणजे फोटोत ती अगदी कोरी आहे. आजूबाजूला गगनचुंबी इमारती उभ्या राहत होत्या, जागेचे भाव आभाळाला भिडले होते, आणि मॉर्गन मंडळींनी तिथे बांधले फक्त चार मजले. म्हणजे आम्हाला परवडतं. वर कंपनीचं नावही लावलं नाही. दारावर आकडा, बस. ज्याला माहीत असायला हवं त्याला माहीत आहे. थोडक्यात काय, मिनिमलिझम आधी इमारतीनंच केला होता. स्ट्रँडनं पाटी काढून टाकली नाही, ती तिथे नव्हतीच. श्रीमंती जेव्हा फार होते तेव्हा ती गप्प बसते, हे त्या भिंतीला ठाऊक होतं.

आणि आत काय चाललं होतं? 1912-13 मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या एका समितीनं चौकशी केली होती की देशाचा पैसा मूठभर बँकवाल्यांच्या हातात गेलाय का. थोरल्या मॉर्गनची तिथे उलटतपासणी झाली. 1913 मध्ये तो वारला आणि मुलगा जॅक गादीवर आला. 1914 मध्ये महायुद्ध पेटलं. जानेवारी 1915 पासून ही पेढी ब्रिटनसाठी अमेरिकेत युद्धाची खरेदी करू लागली, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तिच्या पुढाकारानं ब्रिटन आणि फ्रान्सला 50 कोटी डॉलर्सचं कर्ज उभं राहिलं. जुलैमध्ये एका माणसानं घरात घुसून जॅक मॉर्गनवर गोळ्या झाडल्या, दारूगोळा पाठवणं थांबव म्हणून. मॉर्गन वाचला.

यातलं काहीही फोटोत नाही. फोटोत फक्त काळ्या खिडक्या आहेत. म्हणून कुणी म्हणेल की हे सगळं तू बाहेरून चिकटवतोयस. आक्षेप योग्य आहे. स्ट्रँडनं म्हातारपणी सांगितलं की त्या काळ्या आकारांत त्याला काहीतरी अशुभ, दबा धरून बसल्यासारखं दिसलं होतं. पण हे बरंच नंतरचं बोलणं. मधल्या काळात तो राजकारणानं डावीकडे गेला होता, अमेरिकेतल्या कम्युनिस्टविरोधी वातावरणात 1950 मध्ये देश सोडून फ्रान्सला स्थायिक झाला होता. 1915च्या स्ट्रँडला किती कळत होतं? माझा अंदाज, कमी. 1916च्या उन्हाळ्यात तो काय करत होता, तर कनेक्टिकटमध्ये व्हरांड्यात वाडगी आणि खुर्च्यांच्या सावल्या मांडून आकारांचा रियाज करत होता. माझं मत असं की हाताला जे जाणवलं ते डोक्यात पोचायला त्याला वेळ लागला. त्यात कमीपणा काही नाही. पण मग 'भांडवलशाहीवरची जळजळीत टीका' वगैरे जे या फोटोबद्दल लिहितात, ते मला थोडं जास्तच वाटतं.

आता माझी खरी तक्रार. फोटो थोर आहे, पण त्यातली माणसं भिंतीनं छोटी केली की स्ट्रँडनं? दोघांनी मिळून केली. उंचावरून, लांबून, उन्हाच्या उलट्या बाजूनं बघितलं की कुणीही मुंगी होतो. कोपरा बदलून तो खाली उतरला असता, फुटपाथवर उभा राहिला असता, तर हीच भिंत पाठीमागे असूनही चेहरे दिसले असते. भिंत किती निष्ठुर हे दाखवायला त्यानं भिंतीचीच नजर उसनी घेतली. हाइनचा हा विद्यार्थी, आणि कुणाचं नाव नाही, वय नाही, कितव्या बटणापर्यंत उंची तेही नाही.

गंमत म्हणजे हे त्यालाही टोचलं असावं, कारण पुढच्याच वर्षी तो रस्त्यावर उतरला. एकदम जवळ. म्हातारी माणसं, फेरीवाले, भिकारी, फ्रेमभर चेहरे. पण माणसाला कळलं की तो सावरून बसतो, तोंड बदलतं. म्हणून स्ट्रँडनं युक्ती केली. कॅमेऱ्याच्या एका बाजूला खोटी लेन्स बसवली. लोकांना वाटायचं हा तिकडे कुठेतरी फोटो काढतोय, आणि खरी लेन्स वेगळ्याच दिशेनं त्यांच्याकडे रोखलेली. त्यातला सगळ्यात गाजलेला फोटो एका आंधळ्या बाईचा. गळ्यात पाटी, त्यावर मोठ्या अक्षरात 'ब्लाइंड' असं लिहिलेलं, वर फेरीवाल्याच्या परवान्याचा बिल्ला. 'कॅमेरा वर्क'चा 1917चा शेवटचा जोडअंक पूर्ण स्ट्रँडचा होता, त्यात हा फोटो आला.

जिला दिसतच नाही तिचा फोटो, तोही खोट्या लेन्सनं. मी पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा फोन बाजूला ठेवला थोडा वेळ. म्हणजे लांबून काढला तर माणूस हरवतो, जवळून काढला तर चोरावा लागतो. आणि तरी तो चेहरा मी विसरू शकत नाही, आणि वॉल स्ट्रीटमधला एकही माणूस मला आठवत नाही. नाव मात्र तिचंही कुणी लिहून ठेवलं नाही.

प्रिंटबद्दल दोन शब्द, कारण फोनवर ही गोष्ट हमखास मार खाते. त्यानं तेव्हा हा फोटो छापला प्लॅटिनम कागदावर. चकाकी नसलेला कागद, आणि काळ्या-पांढऱ्याच्या मध्ये राखाडीच्या भरपूर पायऱ्या. त्यात दगडाला दगडपणा आहे, सावलीतही थोडं दिसतं. नेटवर फिरणाऱ्या कित्येक कॉप्यांत मात्र काळं एकदम गच्च. कॉन्ट्रास्टचा स्लायडर शेवटपर्यंत ओढल्यासारखं. दोन वेगळ्या कॉप्या शेजारी ठेवून बघा, जास्त काळी ती जास्त 'भारी' वाटेल आणि कमी खरी. बाय द वे, युद्धात प्लॅटिनम दारूगोळ्याच्या कारखान्यांना लागायला लागलं, भाव चढले आणि हा कागद मिळेनासा झाला. त्याच युद्धात, ज्याची खरेदी या भिंतीआड चालू होती.

आणि मग 16 सप्टेंबर 1920.

गुरुवार. दुपारचे बारा वाजून गेलेत, जेवणाची सुट्टी. 23 वॉल स्ट्रीटच्या समोर एक घोडागाडी येऊन उभी राहिली. गाडीत डायनामाइट, आणि त्यासोबत ओतीव लोखंडाची वजनं. कुठली वजनं, तर सरकत्या खिडक्यांचा तोल राखायला चौकटीच्या आत टांगतात ती. स्फोट झाला आणि ती वजनं गोळ्यांसारखी रस्त्यावरून उडाली. जवळपास 40 माणसं गेली, शेकडो जखमी झाली.

कोण होती ही माणसं? जॅक मॉर्गन त्या दिवशी तिथे नव्हता. मेले ते कारकून, निरोपे, टायपिस्ट मुली, जेवायला बाहेर पडलेली पोरं. म्हणजे फोटोच्या खालच्या पट्टीतली माणसं. तीच माणसं होती असं मी म्हणत नाही, पण त्याच जातीची, त्याच फुटपाथवर, त्याच खिडक्यांखाली, पाच वर्षांनी. रातोरात रस्ता साफ झाला, दुसऱ्या दिवशी बाजार उघडला. घाईत झाडून काढताना पुरावेही गेले असं म्हणतात. अराजकवाद्यांवर संशय होता, पण गुन्हा कुणावर शाबीत झाला नाही.

मॉर्गन कंपनीनं भिंतीवरचे घाव भरून घेतले नाहीत. तुकडे लागून दगडाला पडलेले खळगे आजही तिथे आहेत, हात लावता येतो. इमारतीवर तेव्हाही नाव नव्हतं, आणि त्या माणसांच्या नावाची पाटीही तिथे लागली नाही. भिंतीनं फक्त स्वतःच्या जखमा जपल्या.

हे वाचून फोटो बघितला की तो बदलतो. निदान माझ्यासाठी बदलला. त्या सावल्यांत मी आता एकेकाला वेगळं करून बघायचा प्रयत्न करतो. हा घाईत आहे. ही बाई थोडी मागे राहिलीय. 1920च्याच सुमाराला स्ट्रँड आणि चार्ल्स शीलर यांनी न्यूयॉर्कवर 'मॅनहॅटा' नावाचा छोटा मूकपट केला, त्यात हीच भिंत आणि खालून जाणारी माणसं पुन्हा येतात. यूट्यूबवर मिळेल, दहा-अकरा मिनिटांचा आहे. त्यात माणसं हलतात. कुणाची चाल झपझप, कुणाची संथ. फोटोत जे निसटलं त्यातलं थोडंसं तिथे सापडतं, फार नाही.

काकांचं सांगायचं राहिलं. त्यांनी फोन परत दिला आणि म्हणाले, "घरी पाठवायला एक नीट काढा की सर." मी काढला. त्यांनी टोपी सरळ केली, हात दोन्ही बाजूंना, शाळेच्या प्रार्थनेला उभे राहतात तसे. मागे ते झाड आहे आणि पाण्याचा टँकरही आहे, निम्मा कापला गेलाय. फोटो थोडा तिरका आला, आणि काकांचा एक डोळा उन्हानं बारीक झालाय. रंगीतच ठेवला. तो मी कुठे टाकला नाही. त्यांनी मात्र व्हॉट्सॲपला डीपी ठेवलाय, सहा महिने झाले, अजून बदललेला नाही.

चला, आजच्यापुरतं एवढंच. 'मॅनहॅटा' बघितलात तर मेसेज करा, कितव्या मिनिटाला ती भिंत येते ते सांगा. भेटू पुढच्या भागात.